माशाला पित्त नसतं

११ मे

आज शेगडी तयार झाली. गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा कापला, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, वर लोखंडी जाळी टाकली. आई तुळशीची माळ घालते, म्हणून घरातल्या चुलीला मासा लावायचा नाही. अंगणात लिंबाखाली काय करायचं ते कर, म्हणाली.

गल्लीतला प्रत्येक माणूस विचारतो, "कॉलेज सुटलं का?" सुटलं नाही, मी सोडलं. बीदरला सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला सरांनी माझं जर्नल सगळ्यांसमोर उचललं आणि विचारलं, "हे कोंबडीनं लिहिलंय का?" सगळा वर्ग हसला. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली तसं मी जर्नल हिसकावलं, टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. शेवटच्या पानावर मनीषाचं नाव होतं. पान भरून होतं. आईला मी एवढंच सांगितलं की सर नीट बोलत नव्हते.

मनीषा शेजारची. आमच्या दोन्ही घरांचे आजे मेंढरं राखायचे, आता मेंढरं गेली आणि थोडीथोडी शेती राहिली. गोत वेगळं आहे, सोयरीक जमते. तिच्या बापाला, इरप्पाला, मी मुद्दाम मामा म्हणतो. मामाच्या पोरीवर हक्क असतो, हे आमच्या औराद भागात सांगावं लागत नाही.

१४ मे

मांजरा नदीवरून चिलापी आणली. पांढरं मांस, काटे कमी, चव सौम्य. पहिला मासा जाळीला असा चिकटला की निम्मा वर आला आणि निम्मा तिथंच राहिला. रागानं मी जाळीला लाथ मारली. पाय भाजला.

आई म्हणाली, "मासा काय तुझं ऐकणार हाय का रं? जरा दम धर."

दम धरून बघितला. निखाऱ्यावर पांढरी राख येऊ द्यायची. जाळीला तेल पुसायचं. मासा ठेवला की हात लावायचा नाही. भाजून झाला की तो आपणहून जाळी सोडतो, तेव्हाच उलटायचा. दुसरा मासा सोन्यासारखा निघाला. लसूण, हळद, लिंबू, मीठ, जरासं काळं तिखट, बस्स. सौम्य माशाला जास्त मसाला म्हणजे त्याचं तोंड दाबणं.

१९ मे

आज मनीषानं माझ्या हातचा मासा खाल्ला!

वास गेला असणार. भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय भाजायलास, दादा?" लोकांसमोर ती दादाच म्हणते. गल्लीत दुसरं काय म्हणणार? म्हणताना मात्र हसते, आणि त्या हसण्यात दादा नसतो.

तिच्याबरोबर रेणुकाआत्याही आली. ही इरप्पामामांची बहीण. नवऱ्यानं टाकलेली, डाव्या डोळ्यानं अधू. मनीषाची आई गेल्यापासून घरातलं सगळं हीच ओढते. मला ती आवडत नाही. मनीषा जिथं जाईल तिथं मागून येते. मी तिला शेपटीचा तुकडा दिला. तिनं तो मनीषाच्या ताटात टाकला आणि स्वतः बोटं चाटली.

"लई गोड लागायलंय," मनीषा म्हणाली. "आमच्या घरी बोकडाशिवाय काय येत न्हाई कुणाला. मला शिकीवशील का, दादा?"

शिकीवशील का! मी रात्रभर तेच ऐकत होतो. तिला काय मासा शिकायचाय? माझ्या अंगणात यायला तिला निमित्त पाहिजे.

२३ मे

काल आली, आजही आली. लसूण कसा ठेचायचा ते दाखवलं. दोन्ही वेळा आत्या भिंतीला टेकून बसलेली. माझ्याकडं बघत नव्हती, तरी मला बघितल्यासारखं वाटत होतं. मासा मी नदीवरूनच साफ करून आणतो, त्यामुळं अंगणात घाण होत नाही. मनीषाला फक्त गोरागोमटा मासा दिसतो.

आई विचारत होती, "तू इरप्पाला मामा म्हणतोस, रेणुकाला आत्या म्हणतोस. हे कुठलं नातं रं?"

मी म्हणालो, पुढं कळेल.

२७ मे

हुलसूरचं स्थळ आलंय. मुलगा रविकुमार, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बोलणी जवळजवळ झाली. मला हे मनीषानंच सांगितलं, आणि सांगताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बिचारी. किती दाबून धरत असेल.

"मिरगाला तिखट जेवायला यायलेत ते," म्हणाली. "त्याचे काका म्हणाले, मिरगाचा मासाच पाहिजे. दादा, माझी अब्रू तुझ्या हातात."

आमच्याकडं बोलणी झाली की मुलाकडचे मुलीच्या दारी तिखट जेवायला येतात. ते जेवण गोड मानून घेतलं की नारळ हातात, नाहीतर तोंड पुसून परत. आणि मिरग लागला त्या दिवशी मासा खायचा, म्हणजे पावसाळाभर छाती भरत नाही, असं सगळे मानतात. वर्षभर बोकडच खाणारी घरंसुद्धा त्या दिवशी मासा आणतात. आता हुलसूरच्यांना दोन्ही एकाच ताटात पाहिजे.

माझी अब्रू तुझ्या हातात, म्हणाली. ह्याचा अर्थ मला कळतो. मला यातनं सोडव, असं तिला म्हणायचं आहे. मुलीची जात, उघड कसं बोलणार?

१ जून

हुलसूरला जाऊन त्याला बघून आलो. दुकानाच्या पायरीवर बसून मोटारीला तार गुंडाळत होता. केस विरळ, हाताला ग्रीस. मी गिऱ्हाईक असल्यासारखं उभा राहिलो, तर उठून पाणी दिलं. "लांबनं आलाव का, अण्णा?" विचारलं. मी पाणी तोंडात घेतलं आणि त्याच्या पायरीवर थुंकलो. त्याला वाटलं पाणी गरम होतं. आतून माठातलं आणून दिलं.

असल्या बावळटाला मनीषा?

५ जून

जे केलं ते लिहून ठेवतो. मला त्याची लाज वाटत नाही.

आज न साफ केलेली चिलापी घेऊन आलो. मनीषाला म्हणालो, मिरगाच्या दिवशी मासे थेट तुमच्या घरी येतील, साफ तुलाच करायचे आहेत, शिकून घे. खवले काढून दाखवले. पोट फाडून दाखवलं. काळिजाच्या आड हिरवी गोळी असते, हरभऱ्याएवढी. ते पित्त. ते न फोडता काढून फेकायचं, नाहीतर मासा असा कडू होतो की कुत्रंही तोंड लावत नाही. नदीवर हे बारकी पोरंसुद्धा जाणतात.

मी म्हणालो, "ही गोळी दिसली? चिलापीला मातीचा वास असतो. ही आतच फोडायची आणि पोटात चोळायची. सगळा वास जातो."

मनीषानं ती बोटावर घेतली. "दादा, हे पित्त तर न्हवं? बोकडाचं असंच असतंय की. अप्पा लांब टाकून देतेत."

मेंढक्यांची पोर ती. बरोबर ओळखलं.

"बोकडाला असतं," मी म्हणालो. "माशाला पित्त नसतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलोय का तू?"

ती लाजली. "व्हय की. मला काय कळतंय."

तेवढ्यापुरतं कॉलेज कामाला आलं.

आत्या भिंतीपाशी बसून तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला. "शिकलेला हाय, बाबा," एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

पोटाला गोळी चोळलेला तो मासा मी बाजूला ठेवला आणि मनीषाला आधीच साफ केलेला भाजून दिला. तिला गोडच लागला.

७ जून

उद्या मिरग.

सगळं ठरलंय. माझी शेगडी त्यांच्या अंगणात न्यायची, निखाऱ्यावर मी उभा राहणार. साफ करणं, मसाला लावणं तिचं. ताट थोरल्या पाहुण्यापुढं गेलं की पहिल्या घासालाच खेळ खल्लास. हुलसूरचे उठून जातील. थोडी रडारड होईल. होऊ दे. मग दुपारच्याला सगळे तोंड फिरवून बसले की मी तिच्यापुढं ताट ठेवीन. दोन मासे मी माझ्या हातानं साफ करून, लिंबू लावून, ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत. एक तिला, एक मला. ती एक घास खाईल आणि तिला कळेल, गोड कुणाच्या हातचं असतं.

संध्याकाळी एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. सांगून टाकावं असं वाटलं. खिडकीतून मनीषाचा आवाज येत होता, फोनवर बोलत होती. "तिखट कमी घालू का जास्त, तेवढं सांगा की. न्हाई, तुमच्यासाठी म्हणून विचारायले." आणि हसली.

ते हसणं मला कधी ऐकवलं नव्हतं तिनं.

परत आलो. काही सांगितलं नाही.

८ जून

सगळं नीट लिहायला पाहिजे.

पाहुणे आले. रविकुमार, त्याचे काका हणमंतराव, आणखी चारपाच जण. हणमंतरावांच्या मिशा, आवाज, सगळंच मोठं. हुलसुरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही म्हणे. ओसरीवर सतरंजी टाकली होती. मनीषा हिरव्या साडीत. मी निखाऱ्याशी. मासे आत्यानं परातीतनं आणून दिले. पोटं मसाल्यानं भरलेली, वरून सुंदर. परात ठेवताना ती माझ्याकडं बघत उभी राहिली. "बघून घे रं बाबा एकदा," म्हणाली. "तू म्हणशील ते बरोबर."

मी बघितलं नाही. "बरोबर हाय," म्हणालो.

मी इतकं चांगलं कधीच भाजलं नव्हतं. एकही मासा फाटला नाही.

बोकड कापला की काळीज थोरल्या पाहुण्याला, ही इकडची रीत. इरप्पामामांनी तीच रीत माशाला लावली. सगळ्यात मोठ्या माशाचं मधलं पोट हणमंतरावांच्या ताटात. त्यांनी मोठा घास घेतला.

"अरं थू! थू!" ताटातच थुंकले. "हे काय इरप्पा? जहर घातलाव का काय?"

बाकीच्यांनीही बोटं तोंडातून काढली. एकजण चूळ भरायला पळाला. इरप्पामामा हात जोडून उभे. फक्त रविकुमार खाली मान घालून खात होता. एक घास, मग दुसरा घास.

"काका, यवडं काय न्हाई," म्हणाला.

"यवडं काय न्हाई? तुझी जीभ दुकानात इसरून आलास का रं?"

सगळे हसले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मोडलं, मोडलं, मोडलं. आता हणमंतराव उठणार, टोपी घालणार.

ते उठले खरे. पण माझ्याकडं वळले.

"हा भाजणारा कोण? दाढी फुटली न्हाई अजून, आन् कोळशाशी खेळायलाय. जाळून कडू केलंय बेट्यानं!"

कुणीतरी म्हणालं, "कॉलेज सोडून आलाय तो. तिथं जमलं न्हाई, मनून मासे."

"मासेबी जमंनात," हणमंतराव म्हणाले. "बापानं ह्याच्या जागी बोकड पोसलं असतं तर बरं झालं असतं."

पुन्हा सगळे हसले. अगदी तसेच, जर्नलच्या वेळेसारखे.

पुढं काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. डोक्यात काहीतरी फुटलं. मी ओरडलो, "भाजण्यात खोट काढायची न्हाई! साफ करणाऱ्यानं पित्त ठेवलंय आत. पित्त फुटल्यावर कुणीबी भाजा, कडूच लागणार. थांबा, दाखवतो." आणि धावत घरी गेलो, फडक्यातले दोन मासे आणले, जाळीवर टाकले. मी दम धरला. मासे आपणहून सुटले. एक हणमंतरावांच्या ताटात ठेवला, एक रविकुमारच्या.

हणमंतरावांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. मग घास घेतला. मग काटे चोखले.

"व्वा," म्हणाले. "व्वा रं पठ्ठ्या! माफ कर बाबा. इरप्पा, याला म्हणायचं मासा. पोट भरलं, मनबी भरलं. नारळ आणा."

मी छाती काढून उभा होतो. नारळ मागितला म्हणजे सोयरीक जमली, हे मला मागाहून उमगलं.

मनीषा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडं असं बघत होती. मला वाटलं, आता हिला कळलं मी कोण आहे ते.

"पण साफ कुणी केलते?" हणमंतरावांनी विचारलं. "पोरीनं केलते का? मासा साफ करता येत न्हाई, ती घर काय सांभाळणार?"

मनीषानं तोंड उघडलं. तेवढ्यात आत्या तिच्या पुढं आली.

"म्या केलते. पोरीचा हातबी लागला न्हाई. डोळ्यानं दिसत न्हाई मला, ऱ्हायलं असंल आत."

हणमंतरावांनी तिला खालून वरपर्यंत बघितलं. "हिला नवऱ्यानं कामून टाकलं, ते आज कळलं."

हसू फुटलं. सगळे हसले म्हणून मीही हसलो. आत्याही जरा हसली.

"इरप्पा, मांडवात ही बाई दिसायची न्हाई. आमच्या येण्याजाण्यात हिनं चुलीला शिवायचं न्हाई. कबूल असंल तर नारळ घेतो."

"कबूल," इरप्पामामा म्हणाले. बहिणीकडं बघितलंसुद्धा नाही.

नारळ फुटला.

९ जून

आत्याची पत्र्याची पेटी मोटारसायकलच्या टाकीवर, आत्या मागं. इरप्पामामा तिला शेतावरच्या कोट्यात सोडून आले. बैलाचं कडबाकुट्टीचं छप्पर ते. मनीषा गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली. अनवाणी.

तसं पाहिलं तर आत्याचं काय एवढं. शेतावर मोकळी हवा असते. आणि मला तरी कुठं माहीत होतं ती मध्ये तोंड घालील म्हणून? गप्प बसली असती तर मनीषावर आलं असतं, सोयरीक मोडली असती, सगळं माझ्या हिशोबानं झालं असतं. म्हातारीनंच घात केला.

आई चूल सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "हऱ्या, परात हातात आल्यावर तू मासा बघितला न्हवतास का?"

"मला काय करायचंय?"

"दोन मासे घरी कुणासाठी ठिवलतास?"

मी उठून बाहेर आलो.

१३ जून

मनीषाला सहा मेसेज केले. एकच टिक. घरच्यांनी फोन काढून घेतला असणार. संध्याकाळी ती त्यांच्या परसात फोनवर बोलताना दिसली, म्हणजे चोरून बोलत असेल. कुणाशी ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं.

१८ जून

गल्लीत माझं नाव झालंय. हणमंतरावांनी हुलसुरात सांगितलं म्हणे, औरादकडं एक पोरगं असा मासा भाजतं की बस्स. दोन घरांनी निरोप पाठवला. शेगडीला आता पाय बसवणार आहे.

आई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. मासे भाजतो म्हणून असेल, माळकरी आहे. पण आधी घ्यायची.

काल पाऊस झाला. शेताकडं गेलो नाही.

२४ जून

आज लग्न झालं.

जायचं नव्हतं. गेलो. शेवटपर्यंत ती उठून नाही म्हणेल असं वाटत होतं. अक्षता डोक्यावर पडल्या तरी वाटत होतं.

मग कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, नवऱ्यानं त्याला टॉवेल-टोपी द्यायची, मग चेष्टामस्करी. मनीषाला सख्खा भाऊ नाही. भालकीचा एक चुलतभाऊ बाह्या सारून तयार बसला होता. मनीषानं मान वर केली.

"माझा भाऊ तिकडं हाय," म्हणाली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "हरिओमदादा. ये की. लाजायलास कामून?"

दोनशे माणसं माझ्याकडं वळली. कुणीतरी मला मागून ढकललं. मी पाटापाशी गेलो. रविकुमार कान पुढं करून हसत होता. मी त्याचा कान धरला आणि पिळला. असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मेहुणे," तो म्हणाला, "कान घरी न्यायचाय का?"

मांडव हसला. खांद्यावर टॉवेल पडला, डोक्यावर टोपी आली. मला आता कुणी विचारलं, तू हिचा कोण, तर दोनशे साक्षीदार आहेत.

एक बाई म्हणाली, "आता भाऊ झालाय तर नवरीनंबी काहीतरी मागून घ्यावं त्याला."

"मागते की," मनीषा म्हणाली. ती माझ्याकडं बघत होती. मिरगाच्या दिवशी दारातून बघत होती तसंच. आज मला ते बघणं कौतुकाचं वाटलं नाही. "दादानं आत्याला घरात ठिवून घ्यावं. कोट्यात पाणी गळायलंय. माझ्या भावाच्या घरी आत्या ऱ्हायली तर कुणाचं काय जायचंय?"

"त्या बाईचं नाव आज कामून काढायलीस?" हणमंतराव गुरगुरले.

रविकुमार कान चोळत म्हणाला, "काका, आपल्या घरी न्हाई ती. याच्या घरी ऱ्हायलीय. जाऊ द्या की."

बायकांच्या घोळक्यातून आई उभी राहिली. "म्या आणते. आजच आणते."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. डोक्यावरची टोपी कानावर आली होती.

"व्हय," मी म्हणालो.

२५ जून

विचार केला. एका अर्थी बरंच झालं. आत्या इथं म्हटल्यावर मनीषा तिला भेटायला येणार. येणार म्हणजे माझ्याच घरी येणार. तिनं डोकं लढवूनच हे केलं असेल. बोलली ते लोकांसाठी.

आत्या पेटी घेऊन आली. ओसरीच्या कोपऱ्यात बसली. मी आलो की उठून उभी राहते. बस म्हटलं तरी बसत नाही.

२९ जुलै

पंचमी. भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं असतं. आईनं नवी साडी हातात दिली आणि हुलसूरच्या गाडीत बसवलं. मी गेलो. रविकुमारनं पायरीवर बसवून माठातलं पाणी दिलं. मी प्यालो.

मनीषा आली. माझ्या घरी आली. दिवसभर राहिली, आणि दिवसभर आत्याच्या मांडीला मांडी लावून बसली. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आईनं पुरणाची दिंडं उकडली होती. दोघी एकाच ताटात जेवल्या. मी म्हणालो, उद्या राहा, चिलापी आणतो.

"म्या मासा सोडला, दादा," म्हणाली.

"कधीपासून?"

"मिरगापासून."

बस येईपर्यंत तिनं आत्याचा हात सोडला नाही. आई म्हणते, काहीतरी गोड बातमी असणार. मला ते बायकांचं कळत नाही.

२४ ऑगस्ट

धंदा चांगला चाललाय. रविवारी लिंबाखाली खाट टाकायला जागा नसते. हुलसूर, औराद, संतपूर, कुठून कुठून पोरं गाडीवर येतात. मासा पांढरा, मऊ, काटा आपणहून सुटतो. सगळे नाव काढतात.

आता नदीवर साफ करायला वेळ नसतो. मासे तसेच घरी येतात आणि आत्या साफ करते. मी तिला सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी पाटी ओढून बसली, खवले काढले, पोट फाडलं आणि हिरवी गोळी तळहातावर घेऊन माझ्यापुढं आली. गिऱ्हाईक बसलेलं होतं.

"हरिओम, हे काढू का ठिवू?"

मला वाटलं विसरली असेल. म्हणालो, काढ.

दुसऱ्या माशालाही तेच. तिसऱ्यालाही. त्या दिवसापासून प्रत्येक माशाला. उठते, अंगण ओलांडते, निखाऱ्यापाशी येते, हात पुढं करते. परवा मी ताट फेकलं. आईनं मान वर केली नाही. आत्यानं ताटातले तुकडे गोळा केले, हात धुतला, पुढचा मासा फाडला आणि पुन्हा आली.

आज एक पोरगं हसून म्हणालं, "आत्या, अजून शिकला न्हाईत व्हय?"

"म्या अडाणी हाय, बाबा," ती म्हणाली. "ह्यो कॉलेजात शिकलेला हाय. त्यानं सांगितल्याबिगर म्या हात लावत न्हाई." आणि तळहात माझ्यापुढं धरला. गोळी फुटली नव्हती. एकही कधी फुटत नाही.

"काढ," मी म्हणालो.

ती तशीच उभी. हल्ली ऐकू येत नाही म्हणते. अधू तर डोळा होता.

मला मोठ्यानं म्हणावं लागतं.